यॉट क्लब : सभासदत्व, पाहुणचार व कागदपत्रें
(शिरूर येथील एका कार्डाच्या निमित्तानें)

शिरूर येथील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांत सांपडलेलें एक जाड छापील कार्ड मध्यंतरीं आम्हांस दाखविलें. कडेला सोनेरी रेघ, माथ्यावर त्रिकोणी निशाणाचें चित्र, त्याखालीं इंग्रजींत 'यॉट क्लब' एवढींच अक्षरें शाबूत, आणि पाहुण्याचें नांव लिहिण्यासाठीं सोडलेली जागा कोरी. क्लबाचें गांव जेथें छापलेलें असावें तो कोपरा वाळवीनें खाल्लेला, तारीख नाहीं. त्याच गठ्ठ्यांत नदीवरील तरीच्या हिशेबाची एक मोडी वहीहि होती. आरंभींचीं व अखेरचीं पानें गेलेलीं, मधल्या पानांवर माणसांचीं नांवें आणि आणे-पै. स्नेह्यांनीं कार्ड कांचेखालीं ठेवलें होतें व वही रद्दींत काढली होती. त्यांचा प्रश्न असा कीं, घोडनदीच्या कांठीं हें कार्ड कोठून आलें, व संग्रहांत तें कोणत्या सदरांत घालावें? या प्रश्नाचें उत्तर देण्यास यॉट क्लब म्हणजे काय, त्यांत माणूस शिरतो कसा, पाहुणा म्हणून गेल्यास काय करतां येतें, आणि त्या सर्व व्यवहाराचे कागद कोणते उरतात, हें सांगणें भाग आहे. प्रस्तुत लेखांत तेवढेंच करण्याचा विचार आहे.

[१]

प्रथम असें कार्ड शिरुरास येणें कितपत संभवनीय तें पाहूं. शिरूर ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजी फौजेची छावणी. तेथील कर्नल वॉलेस हा इ. स. १८०९ मध्यें वारला. त्याची कबर शिरुरास असून लोक त्यास 'सत्पुरुष' म्हणत. इ. स. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरुराहूनच निघाली, आणि दुसऱ्या दिवशीं भीमेच्या कांठीं कोरेगांवची लढाई झाली. दौंडची गोष्ट निराळी. इ. स. १८६३ मध्यें बोरघाटांतील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई ही पुण्यापलीकडील मार्गास अखंड जोडली गेली, आणि १८७८ मध्यें दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हें महत्त्वाचें जंक्शन बनलें. छावणींतील साहेब, रेल्वेवरील साहेब, त्यांचे बटलर व कारकून, आणि बदलीच्या वेळीं होणारे सामानाचे लिलाव, इतक्या वाटांनीं समुद्रकांठचा कागद येथवर येऊं शकतो. म्हणून या कार्डावरून येथील कोणी गृहस्थ मुंबईच्या क्लबांत जात असत असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. कार्ड मिळणें व आमंत्रण असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि येथें तर नांवाची जागाच कोरी आहे.

[२]

'यॉट' हा शब्द मूळचा डच. त्याचा अर्थ शिकार, पाठलाग. त्यावरून पाठलागास उपयोगी पडणाऱ्या चपळ नौकेस तें नांव पडलें. इ. स. १६६० मध्यें दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परत आला तेव्हां ॲमस्टरडॅम शहरानें त्यास 'मेरी' नांवाची अशी एक नौका नजर केली. पुढल्याच वर्षीं तो व त्याचा भाऊ जेम्स यांनीं थेम्स नदींत ग्रीनिचपासून ग्रेव्हसेंडपर्यंत नौका हांकून शर्यत लावली. त्याच १६६१ सालच्या विवाहाच्या तहानें पोर्तुगीजांनीं मुंबई बेट चार्ल्सला आंदण दिलें, व १६६८ मध्यें त्यानें तें कंपनीच्या हवालीं केलें. म्हणजे हौसेच्या गलबतांचा पहिला मोठा इंग्रज शौकीन आणि मुंबईचा पहिला इंग्रज धनी हे दोघे एकच होत. अशा शौकिनांच्या मंडळ्या पुढें निघाल्या. आयर्लंडांतील कॉर्क येथील मंडळी इ. स. १७२० ची असून ती सर्वांत जुनी मानतात. इंग्लंडांतील काउझ येथील प्रख्यात 'रॉयल यॉट स्क्वाड्रन' इ. स. १८१५ ची.

ज्या नौकेचा धंदा माल नेणें, मासे धरणें वा लढणें यांपैकीं कोणताच नाहीं, जी केवळ हौसेनें व शर्यतीसाठीं पाण्यावर जाते, ती यॉट, अशी स्थूल व्याख्या करतां येईल. ही कल्पना आपल्याकडे अगदींच अपरिचित होती असें नाहीं. भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकांचें प्रकरण आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं इ. स. १९१२ च्या आपल्या ग्रंथांत त्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. त्यांत नदीच्या 'सामान्य' व समुद्राच्या 'विशेष' असे नौकांचे दोन वर्ग असून, मंदिर म्हणजे खोली कोठें आहे यावरून सर्वमंदिरा, मध्यमंदिरा व अग्रमंदिरा असे तीन भेद केले आहेत. पहिली खजिना, घोडे व स्त्रिया नेण्यास, तिसरी दूरच्या प्रवासास व युद्धास; आणि मधली, म्हणजे मध्यमंदिरा, ही राजांच्या विलासयात्रेस व पावसाळ्यांत योग्य, असें सांगितलें आहे. हीच आपली यॉट. सामान्य नौकांच्या दहा जातींत 'भीमा' या नांवाची एक जात असून ती अशुभ मानिली आहे; भीमेच्या कांठच्या दौंडकरांनीं तें मनावर घेऊं नये.

याच्या उलट टोंकाला तर. नदी ओलांडून देणाऱ्या नावेस आपण तर म्हणतों, आणि तिच्या भाड्यास अमरकोशांत 'आतर' व 'तरपण्य' हे शब्द आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडी, भार, मनुष्य यांच्यासाठीं तरीचे दर ठरविले आहेत. गर्भिणी, संन्यासी, ब्राह्मण वगैरेंस माफी सांगितली आहे. आणि नावाड्यांच्या दोषानें कांहीं नासल्यास तें नावाड्यांनीं मिळून भरून द्यावें असा नियम घातला आहे. तरीचा कायदा असा कीं, आतर दिला अथवा माफी असली कीं नावेंत बसावें. नावाड्यानें ओळख विचारूं नये. यॉट क्लबाचा कायदा याच्या नेमका उलट आहे. तेथें पैसा पुढें केला तरी चालत नाहीं. आधीं ओळख लागते.

[३]

आपल्या किनाऱ्यावरील या प्रकारची मुख्य संस्था म्हणजे 'रॉयल बॉम्बे यॉट क्लब'. ती इ. स. १८४६ मध्यें स्थापन झाली. १८७६ मध्यें व्हिक्टोरिया राणीकडून तिला 'रॉयल' ही पदवी मिळाली, व १८८१ मध्यें अपोलो बंदरावर समुद्रास लागून तिची वास्तु उभी राहिली. पुढें एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास समोरच सभासदांच्या निवासाची इमारत झाली. ताजमहाल हॉटेल (१९०३) व गेटवे ऑफ इंडिया (१९२४) हीं दोन्हीं त्या वास्तूनंतरचीं. स्वातंत्र्यानंतर क्लबाचा संसार निवासाच्या इमारतींत आटोपला. समुद्रकांठच्या जुन्या वास्तूंत इ. स. १९४९ मध्यें होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. कुलाब्यास तिची स्वतःची वास्तु १९६२ मध्यें सिद्ध झाली, व 'ओल्ड यॉट क्लब' हें नांव अणुशक्ति-विभागाच्या पत्त्यांत राहून गेलें. ज्या दालनांत शर्यतींचे निकाल लागत तेथें परमाणूंचा विचार व्हावा, हा कालमहिमा होय.

पुण्यांतील 'रॉयल कॅनॉट बोट क्लब' हा त्याचा गोड्या पाण्यावरील शेजारी. तो इ. स. १८६८ चा. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून झालेल्या व १८५० मध्यें पुऱ्या झालेल्या बंधाऱ्यामुळें मुळा-मुठेचें पाणी तुंबून संथ डोह तयार झाला, आणि त्यावर वल्हीं मारण्याचा खेळ शक्य झाला. बोट क्लब हा मुख्यतः वल्ह्यांचा, यॉट क्लब हा शिडांचा, हा भेद संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावा. कागदावरील चित्रांत वल्हें आहे कीं शीड आहे, यावरून पुष्कळदां निर्णय होतो. आमच्या भागाचा संबंध पहिल्याशींच अधिक जवळचा आहे. बंधाऱ्यावरून निसटलेलें तेंच पाणी पुढें शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडस व दौंड तालुक्यांतील वाळकी यांच्यामध्यें भीमेस मिळतें. घोडनदीहि शिरुरावरून जाऊन पुढें भीमेसच मिळते, व तें सर्व पाणी दौंडावरून पूर्वेकडे जाऊन अखेर कृष्णेच्या मुखानें बंगालच्या उपसागरांत पडतें. मुंबईचा समुद्र पश्चिमेस. आमच्या नद्यांनीं त्या क्लबाकडे पाठच फिरविली आहे, असें म्हणावें लागेल.

[४]

आतां सभासद कसें होतात तें सांगूं. क्लबाक्लबांत नियम बदलतात. परंतु सांगाडा इंग्रजी वळणाचा व बहुतेक सारखाच असतो. इच्छुकानें स्वतः अर्ज करून भागत नाहीं. चालू सभासदांपैकीं एक सूचक व एक अनुमोदक असावा लागतो, व दोघांनीं उमेदवारास व्यक्तिशः ओळखीत असल्याचें लिहून द्यावें लागतें. मग त्याचें नांव कांहीं काळ सूचनाफलकावर लागतें, म्हणजे ज्यास हरकत असेल त्यानें ती व्यवस्थापक मंडळास कळवावी. पुढें मंडळ उमेदवारास भेटीस बोलावतें. शेवटीं निवड होते, व प्रवेशशुल्क आणि वर्गणी भरल्यावर नांव वहींत चढतें. सभासदांतहि कायम, तात्पुरते, परगांवचे, सैनिकी सेवेंतील, मानद असे वर्ग असतात. स्वतःची नौका असलीच पाहिजे असा सर्वत्र दंडक नाहीं. दुसऱ्याच्या नौकेवर हाताखालीं काम करून शिकणारे सभासद पुष्कळ असतात, आणि शिडाची विद्या खरी अशीच येते.

जुन्या काळीं निवड गोळ्यांनीं होई. एका पेटींत हात घालून प्रत्येकानें पांढरी अथवा काळी गोळी टाकावयाची. कोठें एक काळी गोळी पडली तरी उमेदवार बाद, तर कोठें दहांत एक पडल्यास बाद. कोणी कोणती गोळी टाकली हें कळत नसे, व कारण कोणीं विचारावयाचें नाहीं असा संकेत असे. शिवाय प्रतिकूल वारा दिसल्यास सूचक आपण होऊनच नांव मागें घेई, म्हणजे नकाराची नोंदच होऊं नये. इतिहासाच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या जुन्या दप्तरांत फेटाळलेल्या अर्जावरहि शेरा सांपडतो. क्लबाच्या दप्तरांत स्वीकार बोलतो आणि नकार मुका असतो. सभासदांची यादी हातीं आली म्हणजे क्लबाचा इतिहास हातीं आला असें समजणाऱ्यानें ही मुकी बाजू विसरूं नये.

[५]

पाहुणा म्हणून जाण्याच्या वाटा दोन. पहिली, सभासदाचा पाहुणा होण्याची. सभासदानें आपल्याबरोबर न्यावें, दाराशीं ठेवलेल्या वहींत पाहुण्याचें व आपलें नांव लिहावें, आणि पाहुण्याच्या वर्तनाची जबाबदारी घ्यावी. दुसरी, दोन क्लबांत परस्परसंबंध असल्यास एकाच्या सभासदानें आपल्या चिटणिसाचें परिचयपत्र घेऊन दुसऱ्यांत उतरण्याची. मराठी आरमाराच्या काळीं दस्तक असलेल्या जहाजास वाट मिळे व नसलेल्यास अटकाव होई; परिचयपत्राचें काम दाराशीं तसेंच चालतें.

असाच एका क्लबांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पाहुणे म्हणून जाण्याचा योग आम्हांस आला. वहाणा बदलून बूट घालावे लागले. चहा झाल्यावर शिक्षकाच्या संवयीनें आम्हीं खिशांत हात घातला, तों पाहुण्यानें पैसे देण्याची येथें मनाई आहे असें नम्रपणें सांगण्यांत आलें. सभासद चिठ्ठीवर सही करतो व महिन्याच्या अखेरीस त्याच्या नांवें हिशेब येतो. इंग्रजी बोलण्यांतील 'चिट' हा शब्द आपल्या 'चिठ्ठी'वरूनच गेलेला आहे. तो तेथें ऐकून दूरदेशीं घरचा माणूस भेटावा तसें झालें.

नौकेवर जाण्याचेहि रिवाज आहेत. नौका कांठापासून दूर नांगरलेल्या असतात, कारण मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या वेळीं भरती-ओहोटींतील फरक सुमारें पांच मीटरपर्यंत जातो. लहान होडींतून तेथवर जावें, धन्याची परवानगी घेऊन मगच पाऊल ठेवावें, टांचांचे जोडे घालूं नयेत, आणि सांगितल्यावांचून दोरीस हात लावूं नये. डोलकाठीच्या शेंड्यास क्लबाचें लहान त्रिकोणी निशाण असतें, पिछाडीस राष्ट्राचें. शिरूरच्या कार्डावरील त्रिकोण म्हणजे हें पहिलें निशाण होय. परगांवचा नौकाधीश आला म्हणजे दोन क्लब आपापलीं निशाणें एकमेकांस भेट देतात; जुन्या क्लबांच्या भिंतींवर अशीं निशाणें लावलेलीं दिसतात, व तींहि एक प्रकारचे दस्तऐवजच आहेत.

शीड वाऱ्याच्या दिशेनेंच जातें अशी घाटावरील आमच्यासारख्यांची समजूत असते. ती चूक आहे. तळाशीं जड कणा व वर आडवें वळविलेलें शीड यांच्या योगानें नौका वाऱ्याशीं सुमारें ४५ अंशांचा कोन करून वाऱ्याच्या उगमाकडेहि चढते. मात्र सरळ न जातां नागमोडी वळणें घेत. मुंबईकडील हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो व पुढील पावसाळ्यापूर्वीं नौका बाहेर काढून ठेवतात. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा हा त्या हंगामाचा खरा यजमान.

[६]

आतां अवघड भाग. इंग्रजी अमदानींत मुंबईच्या यॉट क्लबाचें सभासदत्व युरोपियनांपुरतें होतें. हिंदी गृहस्थ कितीहि धनवान् वा विद्वान् असला तरी त्यास दार बंद. गव्हर्नर विलिंग्डन यांच्या कारकीर्दींत (१९१३-१९१८) हिंदी व युरोपियन दोघांसहि मोकळा असा निराळा क्लब मुंबईंत काढण्यांत आला, यावरूनच पूर्वींच्या क्लबांची रीत दिसून येते. ह्या बंदीचा राग येणें स्वाभाविक व योग्य आहे.

परंतु दप्तर वाचणाऱ्यानें दोन्ही पक्षांचे कागद वाचावे. दुसरें एक दार आम्हींच आमच्या बाजूनें लावून घेतलें होतें. बौधायन धर्मसूत्रांत समुद्रसंयान, म्हणजे समुद्रप्रवास, हा पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणला आहे. त्याच सूत्रांत तो उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणूनहि सांगितला आहे, म्हणजे तेव्हांहि लोक जात होतेच. पुढें कलिवर्ज्यांत द्विजांच्या समुद्रयात्रेचा समावेश झाला. खाण्यापिण्याच्या निर्बंधांविषयीं पुण्यास निराळें सांगावयास नको. इ. स. १८९० मध्यें पंचहौद मिशनांत चहा घेतल्यावरून केवढें प्रकरण माजलें, व टिळक-रानड्यांसारख्यांसहि प्रायश्चित्ताचा प्रश्न कसा सोडवावा लागला, हें सर्वश्रुत आहे. क्लबानें आम्हांस चहाला बोलाविलें नाहीं हें खरें. बोलाविलें असतें तर आमच्यांतील किती जण जाऊन उजळ माथ्यानें घरीं परतले असते, हेंहि विचारण्यासारखें आहे.

ह्या दोन्ही दारांशीं ज्यांचें कधींच कर्तव्य नव्हतें असा तिसरा वर्ग मात्र रोज समुद्रावर होता. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत हे ते लोक. आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें ज्यांनीं चालविलीं त्यांच्याच जातभाईंच्या हातीं पुढेंहि ह्या किनाऱ्यावरील वल्हीं, शिडें व सुकाणूं राहिलीं. वारा केव्हां फिरतो, खडक कोठें आहे, उधाण कोणत्या तिथीस व भांग केव्हां, हें ज्ञान त्यांचें. क्लबाच्या शर्यतींत चषकावर नांव कोरलें जाई तें धन्याचें. तांडेल व खलाशी यांचीं नांवें असलींच तर पगाराच्या व दुरुस्तीच्या वह्यांत असणार, आणि अशा वह्या कोणी कांचेखालीं ठेवीत नाहीं. या विषयांतील आमचें मुख्य म्हणणें हेंच आहे. क्लबाचे देखणे कागद कोणाची कोणाशीं ओळख होती एवढेंच सांगतात. पाण्याची ओळख कोणास होती हें सांगणारे कागद निराळे आहेत.

[७]

स्वातंत्र्यानंतर स्थिति पालटली. वर्णाची अट गेली. पैसा व ओळख यांची राहिली. परंतु पाण्यावर जाण्याची एक नवी वाटहि उघडली, ती सैन्याची. इ. स. १९८२ च्या आशियाई सामन्यांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं मुंबईच्या समुद्रांत शिडाच्या नौकेवर सुवर्णपदक मिळविलें. कमांडर दिलीप दोंदे यांनीं इ. स. २००९-१० मध्यें 'म्हादेई' या गोव्यांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही ह्या दुष्काळी गांवचे दत्तू भोकनळ सैन्यांत शिरल्यावर वल्हें शिकले, व इ. स. २०१६ मध्यें रिओच्या ऑलिंपिकांत एकट्यानें वल्हविण्याच्या शर्यतींत उतरले. पुण्यास दापोडी येथील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयांत वल्ह्यांचें शिक्षण मिळतें. शिरूर-दौंडच्या मुलास सूचक व अनुमोदक मिळाला नाहीं, तरी ही वाट मोकळी आहे.

आणि आतां पाणीहि आमच्या दाराशीं आलें आहे. इ. स. १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्यांतून दौंडच्या बाजूस सरकला आहे. भिगवण-कुंभारगांवकडे रोहित पक्षी पाहण्यासाठीं लोक होडींतून जातात. म्हणजे भीमेवर हौसेची नाव अवतरली आहे. त्याच पाण्यावर तरहि चालू आहे. इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत करमाळा तालुक्यांतील कुगांव व इंदापूर तालुक्यांतील कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यांत होडी उलटून सहा जण बुडाले. यॉट क्लबांत शिकाऊ मुलास पहिल्या दिवशीं तरंगण्याचें जाकीट चढविल्यावांचून नौकेवर घेत नाहींत, आणि आभाळाचा रंग पाहून कांठास परत फिरणें ही भीति नव्हे तर विद्या होय, असें शिकवितात. तें ज्ञान क्लबाच्या सभासदवहींत कोंडून राहण्यासारखें नाहीं. मनूनें नावाड्यांवर जबाबदारी ठेवली. ती पार पाडण्याची साधनें त्यांच्या हातीं देणें हें आजच्यांचें काम आहे.

[८]

आतां स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. असे कागद हातीं आल्यास संग्राहकांनीं पुढीलप्रमाणें करावें अशी आमची सूचना आहे. कार्डावरील निशाण, पदवी व पत्ता आधीं पाहावा. मुंबईच्या क्लबाच्या कागदावर 'रॉयल' पदवी असल्यास तो १८७६ च्या पूर्वींचा नव्हे. शर्यतीचीं पत्रकें, आमंत्रणें, वर्गणीच्या पावत्या व सहीच्या चिठ्ठ्या हीं निरनिराळीं ठेवावीं. चिठ्ठ्यांवर तारखा असतात, व त्यांवरून आमंत्रणांचा काळ कधीं कधीं ठरवितां येतो. कागद कोणत्या घरांतून, कोणत्या वह्यांबरोबर आला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, आणि गठ्ठा फोडूं नये. शिरूरच्या कार्डाचें सदर 'नौकाविहार. आमंत्रण, न वापरलेलें' हें होय. त्याहून अधिक त्याच्याकडून वदविणें योग्य नाहीं.

राहतां राहिली ती रद्दींतील वही. तींत कोणाचीं तरी नांवें आहेत, आणि त्यांनीं नदी उतरण्यासाठीं दिलेले आणे-पै आहेत. कार्डावरील जागा कोरी आहे. वहींतील पानें भरलेलीं आहेत. घोडनदीच्या कांठीं पाण्यावर कोण वावरत होतें याचा पुरावा या दोहोंपैकीं कशांत अधिक आहे, हें सांगावयास नको. ती वही आम्हीं स्नेह्यांकडून मागून घेतली आहे. अक्षर बरें आहे, शाई मात्र ठिकठिकाणीं फुटली आहे. वाचन पुरें झाल्यावर तिची नक्कल मंडळास सादर करूं. भीमा व घोड यांच्या कांठच्या तरींचे असे कागद कोणाच्या घरीं असल्यास त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार आम्हांस दाखवावे, अशी विनंति आहे.